शेत विकू नका, बाबा

निपाणी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर रेंज तुटते, म्हणून लिहिते. बाबा, तुम्ही म्हणालात, "माणसंच राहत नाहीत तर जमीन ठेवून काय करायचं? आपल्या खानापुरापेक्षा कमी माणसांचे देशसुद्धा आहेत म्हणे जगात." आहेत. पण तिथं माणसं कमी का, ते आधी ऐका.

प्रशांत महासागरातला तुवालू देश घ्या. नऊ प्रवाळबेटं, सगळी मिळून 26 चौरस किलोमीटर, माणसं सुमारे 10,000. म्हणजे ओसाड नाहीच, उलट दाटी, जागाच तेवढी. नदी नाही, जमीन वाळूची. पुलाका नावाचा अळूच्या जातीचा कंद लावायला खालचं गोडं पाणी लागेपर्यंत खड्डा खणतात, त्यात पाला कुजवून माती तयार करतात. आई, तुझं परसातलं अळू सांडपाण्यावर फोफावतं. तिथं समुद्राचं पाणी खड्ड्यात झिरपलं की पीक गेलं. त्यात 1863 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या जहाजांनी तिथली शेकडो माणसं मजुरीला राबवण्यासाठी फसवून नेली.

निउएची गोष्ट निराळी. तेही प्रशांत महासागरातच, तुवालूच्या दहापट मोठं एकच बेट. साठच्या दशकात 5,000 वर लोक होते, आता 2,000 सुद्धा नाहीत. जमीन होती तशीच आहे. पण तिथल्या लोकांना न्यूझीलंडचं नागरिकत्व आहे आणि शिक्षण, पगार सगळं तिकडं. 2018 च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्ये निउए वंशाचे 30,000 वर लोक निघाले. एक घर उठलं की शाळेतली दोन पोरं कमी, मग दुकान बसतं, मग शेजारचं घर उठतं. आपल्या कणकुंबीकडच्या वाड्यांत हेच चाललंय. पोरं गोव्याला, पुण्याला गेली ती पगारासाठी. मलप्रभा नदी उगवते तिथल्या मातीत काय खोट आहे?

निउएच्या लोकांनी मात्र एक गोष्ट धरून ठेवलीय: जमीन कुटुंबाची, ती विकता येत नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात गेलेल्यांचाही तिच्यावर हक्क राहतो. मला हे फार मोलाचं वाटतं. परत यायचं ठरवलं तर पाय टेकायला जागा आहे.

म्हणून बाबा, ओढ्याकाठचं शेत विकू नका. गुडघ्यांमुळं तुम्हाला चिखलात उतरवत नाही, ते मला दिसतं. भात वाट्यानं लावायला द्या. फुटलेला बांध घालायचे पैसे मी पाठवते. गिऱ्हाईकाला या आठवड्यातच नाही म्हणून सांगा. दादाशी मी बोलते.

तुमची लेक