सीलबंद लिफाफा आणि अर्धवट नावे

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कॅनडाच्या निवडणुकांतील परकीय हस्तक्षेपाबद्दल आपल्या दैनिकात येणाऱ्या बातम्या मी इथे मिसिसागात ई-पेपरवर वाचतो. मथळे बहुधा दोनच साच्यांतले असतात. एक दिवस कॅनडाने भारताला गोवलेले असते, दुसऱ्या दिवशी कॅनडा तोंडघशी पडलेला असतो. या हस्तक्षेपाच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. मारी-जोझे होग आयोगाचा अंतिम अहवाल 28 जानेवारी 2025 रोजी आला. सात खंड, 51 शिफारशी. त्यात हस्तक्षेप करणाऱ्या देशांमध्ये चीनच्या खालोखाल भारताचे नाव आहे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने लगेच ते फेटाळले आणि उलट कॅनडाच भारताच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करतो असे सुनावले. ही जुगलबंदी मराठी वाचकांपर्यंत पोचली. पण या आयोगाला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न वेगळाच होता: सरकारजवळची गुप्त माहिती लोकांना किती सांगायची, आणि जिच्यामुळे एखाद्याचे नाव खराब होते ती त्या माणसाला तरी सांगायची की नाही.

मी साताऱ्याच्या न्यायालयात लघुलेखक म्हणून नोकरी केली. दार लावून चाललेल्या सुनावण्याही माझ्या वहीत उतरल्या आहेत, त्यामुळे गुप्ततेचे मला वावडे नाही. पण बंद दाराआडही दोन्ही बाजू हजर असतात. सीलबंद लिफाफ्याची गोष्ट वेगळी. तो एक बाजू देते, न्यायाधीश वाचतात आणि दुसऱ्या बाजूला आपल्यावर काय लिहिले आहे हे कळतच नाही. 'मीडिया वन' या मल्याळम वाहिनीचा परवाना अशाच लिफाफ्यावर अडला होता. 5 एप्रिल 2023 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ती बंदी रद्द केली आणि राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले की नैसर्गिक न्याय गुंडाळून ठेवता येतो असे नाही, हे स्पष्ट केले. कॅनडातला वाद वाचताना मला सारखा तो निकाल आठवत होता.

होग यांनी साक्षीदार बोलावण्याआधीच, जानेवारी 2024 च्या अखेरीस, केवळ गुप्ततेवर पाच दिवस सुनावणी ठेवली. गुप्तचर संस्था सीसिसचे म्हणणे असे की, एक ओळ एकटी निरुपद्रवी दिसते, पण परदेशी यंत्रणा अशा दहा ओळी जुळवून आपला खबऱ्या कोण ते शोधून काढते. हे मला पटते. खबऱ्याचा जीव जातो तेव्हा आपल्या लोकशाहीच्या गप्पा त्याला वाचवत नाहीत. दुसऱ्या बाजूला हिशेब असा, की नमुन्यादाखल निवडलेली 13 कागदपत्रे तपासून त्यावर काळी पट्टी मारायला सरकारला सुमारे 200 मनुष्य-तास लागले. या वेगाने हजारो कागद कधी उघडणार? शेवटी आयोगाने आणि सरकारने मिळून गोपनीय मजकुराचे जाहीर करण्याजोगे गोशवारे तयार केले. मला हा मार्ग ठीक वाटला. मूळ साक्षीइतके वजन गोशवाऱ्याला नसते, पण बंद लिफाफ्यापेक्षा तो शंभर पटींनी बरा.

हा आयोग सहजासहजी नेमला गेला नव्हता. त्याआधी माजी गव्हर्नर जनरल डेव्हिड जॉन्स्टन यांना विशेष प्रतिनिधी नेमले होते. त्यांनी मे 2023 मध्ये सांगितले की जाहीर चौकशी नकोच, सगळी सामग्री गुप्त आहे. विरोधकांनी त्यांच्या निःपक्षपातीपणावरच बोट ठेवले आणि जूनमध्ये त्यांनी पद सोडले.

या काळात खरी माहिती पुरवली ती फुटलेल्या कागदांनी. खासदार मायकल चाँग यांना चीनने लक्ष्य केल्याचे टिपण 2021 चे. त्यांना ते कळले मे 2023 मध्ये, 'ग्लोब अँड मेल' वाचून! मग आठवड्याभरात झाओ वेई या चिनी अधिकाऱ्याची हकालपट्टी झाली. म्हणजे फुटीमुळे चांगले घडते, असे म्हणायला जागा आहे. पण लगेच दुसरे उदाहरण पाहा. सत्ताधारी लिबरल पक्षाचे खासदार हान डाँग यांनी चीनच्या कैदेतल्या दोन कॅनडियनांची सुटका लांबवण्याचे सुचवल्याची बातमी निनावी सूत्रांच्या हवाल्याने झळकली. 22 मार्च 2023 रोजी त्यांनी पक्ष सोडला आणि अपक्ष म्हणून बसू लागले. होग यांच्या अंतिम अहवालात गोपनीय माहितीच डाँग यांच्या इन्काराला दुजोरा देते असे लिहिले आहे. दरम्यान पावणेदोन वर्षांहून अधिक काळ गेला होता. त्यांच्या 2019 च्या उमेदवारी निवडीत (पक्षाचे सदस्य मत देऊन उमेदवार ठरवतात त्या निवडीत) परदेशी विद्यार्थी बसने आणल्याचा प्रश्न वेगळा, तो आयोगाने निकालात काढलेला नाही. पण ज्या आरोपाने त्यांना बाहेर जावे लागले, तोच पोकळ निघाला.

जून 2024 मध्ये तर नावांचा खेळच झाला. खासदारांच्या सुरक्षा समितीने अहवालात लिहिले की काही लोकप्रतिनिधी 'कळत किंवा अर्धवट कळत' परकीय सत्तांना मदत करतात. नावे मात्र नाहीत. ग्रीन पक्षाच्या नेत्या एलिझाबेथ मे यांनी गोपनीय मूळ प्रत वाचली आणि त्यांना हायसे वाटले. एनडीपी या पक्षाचे तेव्हाचे नेते जगमीत सिंग यांनी तीच प्रत वाचली आणि ते अधिक चिंतित झाले. विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते पियेर पोयलीव्हर यांनी गोपनीय कागद वाचण्याची परवानगीच घेतली नाही, तोंड बांधले जाईल म्हणून. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान ट्रुडो आयोगासमोर म्हणाले की गुंतलेल्या किंवा धोक्यात असलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांची नावे माझ्याकडे आहेत. पोयलीव्हर म्हणाले, असतील तर जाहीर करा. झाली नाहीत. पुढे होग यांनी लिहिले की देशाविरुद्ध कारस्थान करणारे खासदार असल्याचा पुरावा आपल्याला दिसला नाही, आणि समितीची काही विधाने उपलब्ध माहितीपेक्षा जास्त ठाम होती.

त्याच साक्षीत ट्रुडो यांनी मान्य केले की सप्टेंबर 2023 मध्ये खलिस्तानवादी हरदीपसिंग निज्जर यांच्या हत्येबाबत संसदेत बोलताना हाती गुप्तवार्ता होती, न्यायालयात टिकेल असा पुरावा नव्हता. पुढे 29 ऑक्टोबरला परराष्ट्र खात्याचे उपमंत्री (आपल्याकडच्या सचिवासारखे अधिकारी) डेव्हिड मॉरिसन यांनी संसदीय समितीत कबूल केले की कॅनडातल्या शीख फुटीरतावाद्यांविरुद्धच्या हिंसेमागे असल्याच्या आरोपात 'वॉशिंग्टन पोस्ट'ला अमित शहा यांच्या नावाची पुष्टी आपणच केली. भारताने ते निराधार म्हणून धुडकावले. खरे-खोटे मला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचा आव आणणाऱ्यांचा मला वीट आला आहे. पण जी गोष्ट आम्हा मतदारांना सांगण्याजोगी नव्हती, ती अमेरिकेतल्या वर्तमानपत्राला सांगण्याजोगी कशी झाली?

आमच्यासारख्यांना हे का झोंबते, तेही सांगतो. इथे मंडळाच्या गणपतीला सर्व पक्षांचे लोक येतात, शाल घेतात, मोदक खातात. एकदा आरतीनंतर एका उत्साही मुलाने माझ्यापुढे पक्षनोंदणीचा अर्ज धरला, 'काका, फक्त सही करा.' उमेदवार निवडीचे नियम तेव्हा इतके सैल होते की लिबरल पक्षाच्या निवडीत नागरिक नसलेलेही मत देऊ शकत, चौदा वर्षांची मुलेसुद्धा. माणसे गोळा करून निवड जिंकणे ही इथली जुनी रीत आहे, त्यात गैर काही नाही. पण हेच काम एखाद्या वकिलातीच्या इशाऱ्यावर झाले, तर बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही दृश्ये हुबेहूब सारखी दिसतील. फरक फक्त गुप्त कागदात. म्हणून तो कागद अजिबात उघडायचा नाही आणि 'भारतीय समाजातून हस्तक्षेप' एवढेच हवेत सोडायचे, असे झाले की संशय अर्ज पुढे करणाऱ्या त्या मुलावरही येतो आणि माझ्यावरही.

मार्च 2025 मध्ये नेपियनचे खासदार चंद्रा आर्य यांची उमेदवारी लिबरल पक्षाने काढून घेतली. पक्षाने लोकांना कारण सांगितले नाही. पुढे वृत्तपत्रांतून भारत सरकारशी जवळिकीची चर्चा आली, आर्य यांनी ती नाकारली. ते दोषी की निर्दोष, हे मी सांगू शकत नाही. त्यांचे मतदारही सांगू शकत नाहीत.

जून 2024 च्या सी-70 कायद्याने सीसिसला केंद्र सरकारबाहेरच्या माणसालाही माहिती देण्याची वाट मोकळी केली. चाँग यांच्यासारख्यांना त्याचा उपयोग होईल. पण ज्याच्यावर संशय आहे त्याला कोणी स्वतंत्र माणसाने आरोपाचा गोशवारा देऊन उत्तर ऐकून घ्यावे, ही सोय व्हायला हवी. पक्षाच्या कचेरीत परस्पर निकाल लागू नये.

आपल्याकडे एवढीच विनंती. 'हस्तक्षेपात भारत दुसरा' असा मथळा पुन्हा द्याल तेव्हा खाली हेही छापा, की आयोगाच्या मे 2024 च्या अंतरिम अहवालानुसार भारताच्या हस्तकांनी काही उमेदवारांना छुपी आर्थिक मदत पोचवण्याचा प्रयत्न केला असावा, त्या उमेदवारांना त्याचा पत्ता नसेलही, आणि भारताने हे सारे नाकारले आहे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक
मिसिसागा, ओंटारियो