बाबा, आईला तुमचे पाय पाहू द्या

लेले, जि. ललितपूर, नेपाळ

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

डोंगरामुळे फोनला धड रेंज येत नाही. आली तर बाबा "मी बरा आहे, तू सांभाळ" एवढंच म्हणून फोन आईच्या हातात देतात. म्हणून पत्र लिहिते आहे. दादा वाचून दाखवेलच, पण बाबा, चष्मा लावून तुम्ही स्वतःही एकदा वाचा.

आई, मंडळीतल्या बाया तुला विचारतात ना, की पोरगी मिशनवर गेली, तिथे किती जणांना सुवार्ता सांगितली? त्यांना सांग, इथे कोणाचं धर्मांतर करवणं कायद्याने गुन्हा आहे. 2018 पासून लागू झालेल्या दंडसंहितेत त्याला 5 वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी माणसाला देशाबाहेर काढतात. पण खरं सांगू? हा कायदा नसता तरी मी इथे तेच केलं असतं जे आता करते. मी लोकांचे पाय धुते. सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत तेच काम.

हे आनंदबन हॉस्पिटल 1957 सालचं, काठमांडूच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत. आपल्या कोठाऱ्याचा दवाखाना ज्या लेप्रसी मिशनचा, त्याच मिशनचं. अचलपूर-परतवाड्याकडे वाढलेल्या मला कुष्ठरोग हा आजार काही नवा नव्हता. गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने नाहीतर वर्षभर घ्यायच्या, उपचार सुरू झाला की दुसऱ्याला लागण होत नाही, हे सगळं मला पाठ होतं. पण गोळ्यांनी जंतू मरतात, मेलेली नस पुन्हा जिवंत होत नाही. उशिरा आलेल्या माणसाचा पाय बधिर तो बधिरच राहतो. खडा टोचला, अंगठा चुलीजवळ भाजला, तरी त्याला कळत नाही. दुखत नाही म्हणून तो त्याच जखमेवर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते.

माझ्याकडे तराईतली, म्हणजे नेपाळच्या सपाट भागातली, एक आजी आहे. बोटं आखडलेली. बादलीतलं पाणी किती गरम आहे हे तिच्या हाताला समजत नाही, म्हणून ती कोपर बुडवून पाहते. पाय अर्धा तास भिजले की टाचेभोवतीची कडक कातडी पांढुरकी पडून फुगते. मग खरखरीत दगडाने ती हळूहळू घासायची, आणि पाय ओले असतानाच तेल चोळायचं. एवढंच काम, पण ते रोज करावं लागतं. मी तिच्यासमोर पहिल्यांदा बसले तेव्हा तिने पाय साडीखाली ओढून घेतले. नवऱ्याने ह्याच पायांमुळे तिला घराबाहेर काढलं होतं. (आपल्याकडेही 2019 पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोट कायद्यातसुद्धा. मला हे इथे येऊन कळलं आणि रात्रभर झोप लागली नाही.)

अमरावतीच्या वॉर्डात मला गडबडीची सवय होती. ड्रेसिंग, नोंद, पुढचा पेशंट. इथे मी त्या आजीजवळ नुसती जमिनीवर बसायला शिकले. समजावणं नाही, घाई नाही. काही दिवस ती माझ्याशी बोललीच नाही. मग एका सकाळी तिनेच विचारलं, "जेवलीस का?" आणि एक पाय पुढे केला. आई, मी मनातल्या मनात जी प्रार्थना केली तिला शब्दच नव्हते.

येशूने शिष्यांचे पाय धुतले हा उतारा मी संडे स्कूलपासून ऐकत आले. माझं लक्ष नेहमी धुणाऱ्याकडे असायचं, की आपणही तसं नम्र व्हावं. इथे आल्यावर माझा सगळा जीव त्या शिष्यांतल्या पेत्राकडे लागतो. तो म्हणाला, माझे पाय तू धुवायचे नाहीत. आपले मळलेले, भेगाळलेले पाय दुसऱ्याच्या हातात द्यायला किती धीर लागतो, हे मला त्या आजीने शिकवलं.

बाबा, आता तुमच्याविषयी लिहिते. नाताळात मी घरी होते तेव्हा ओसरीवर रक्ताचे ठिपके दिसले. तुमच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता आणि तुम्ही तसेच कपाशीच्या वावरातून चालत आला होतात. तुम्हाला कळलंच नव्हतं. मी पाय पाहू लागले तर "मले काय होते?" म्हणून तुम्ही तो आखडून घेतला. बाबा, इतक्या वर्षांच्या शुगरने तुमच्या पायाच्या नसाही बधिर होत असतील. कारण वेगळं असलं तरी धोका तोच.

म्हणून हात जोडून सांगते, रोज रात्री जेवणाआधी आईला तुमचे तळवे पाहू द्या. आई, बोटांच्या बेचक्यातही पाहा. पाय साध्या पाण्याने धुऊन बेचकी कोरडी पुसायची, तेल टाचेला लाव, बेचक्यात नको. इथल्यासारखे पाय भिजत मात्र ठेवू नका. शुगरच्या पायाची कातडी त्याने चिरते, आणि गरम पाण्याने भाजलं तर बाबांना कळायचं नाही. एखादी जागा लाल किंवा गरम लागली तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पायाचं गोखरू, म्हणजे कुरूप, ब्लेडने कापू नका. अनवाणी वावरात जाणं बंद, चप्पल घालण्याआधी झटकून आतून हात फिरवा.

इथे मंडळी शनिवारी भरते, कारण सुट्टीच शनिवारी असते. चपला बाहेर काढून सगळे जमिनीवर बसतात आणि मादल नावाच्या ढोलकीवर भजनं म्हणतात. बाबा, तुम्हाला फार आवडलं असतं. मी दर शनिवारी तुमचं दोघांचं नाव घेऊन प्रार्थना करते.

परतवाड्याला गेलात की एम.सी.आर.ची (खास मऊ रबराची) चप्पल पायाच्या मापाने करून घ्या. पैसे दादाकडे पाठवले आहेत. आणि डॉक्टर नायलॉनच्या बारीक धाग्याने तळव्याला कुठे कुठे स्पर्श कळतो ते तपासतात, ते नक्की करून घ्या. काय निघालं ते आईने मला फोनवर सांगायचं. बाबा, तुम्ही सांगितलंत तर मला जास्त आनंद होईल.

तुमची लेक