मिक्सर हवेत, बिस्किटं नकोत

नमस्कार.

आपल्या मंडळाचं रुग्णसाहित्य केंद्र गावाला नवं नाही. कॉट, वॉकर, कमोडची खुर्ची लागली की लोक हक्कानं येतात. मागच्या पावसाळ्यात एक ताई आल्या आणि म्हणाल्या, "जुना मिक्सर असेल का हो?" नवऱ्याचं परळच्या टाटा हॉस्पिटलात तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. खालचा अर्धा जबडा काढून, पायातलं हाड घेऊन नवा बसवलेला. ऑपरेशन उत्तम झालं. पण घरी ताई डाळ-भात पाट्यावर वाटून, फडक्यातून गाळून नाकातल्या नळीनं भरवत होत्या आणि नळी दिवसाआड तुंबत होती. आमच्याकडे व्हीलचेअर सात, मिक्सर एकही नव्हता.

ऑपरेशनला पैसे उभे राहतात. महात्मा फुले योजना आहे, पाहुणे आहेत, एखादा तुकडा विकला जातो. खरी ओढाताण टाके निघाल्यावर सुरू होते, आणि तेव्हा कुणी विचारायला येत नाही.

नव्या ओठाला, गालाला स्पर्श कळत नाही. चहा ओघळून शर्टावर आला तरी पत्ता नसतो, म्हणून खांद्यावर कायम टॉवेल. दाढी करताना कापलं तर आरशात रक्त दिसल्यावर कळतं. गालाच्या आत छातीची कातडी लावली असेल तर तोंडात केस उगवतात. हे ऐकून आम्हीही चाट पडलो होतो. रेडिएशननंतर लाळ आटते, भाकरीचा घास फिरत नाही. मानेतल्या गाठी काढल्यावर कित्येकांचा हात खांद्याच्या वर जात नाही, मग हमाली बंद. एक जण फोनवर "हॅलो" म्हणाले की समोरचा दारुडा समजून फोन ठेवतो. ते आता फोनच उचलत नाहीत. लग्नात पंगतीला बसत नाहीत, घरी येऊन पेज पितात.

यातलं बरंच सुधारतं, पण रोज मेहनत घ्यावी लागते. तोंड उघडावं म्हणून दातांत आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक सरकवायच्या, दिवसातून चार-पाच वेळा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. स्वतःची तीन बोटं उभी मावली तर तोंड नीट उघडतंय म्हणायचं. त्या ताईंचे यजमान एका बोटावरून दोनवर आलेत. मऊ खिचडी चमच्यानं खातात.

तर आम्हाला चालू स्थितीतले मिक्सर हवेत. गळ्याला नळी असलेल्यांसाठी कफ ओढून काढणारं सक्शन मशिन हवं. आहे ते एकच, आणि ते एका घरून निघून सरळ दुसऱ्या घरी जातं. नळीनं भरवायच्या मोठ्या सिरिंज, प्रोटीन पावडर, सुती टॉवेल चालतील. रोख मदत तपासणीसाठी मुंबईला जाण्यायेण्याच्या भाड्याला आणि फिजिओथेरपीला वापरू. पावती मिळेल, हिशेब फळ्यावर लागेल.

बिस्किटांचे पुडे, सफरचंदं कृपया आणू नका. ज्याचं तोंड एक बोट उघडतं त्याच्या हातात सफरचंद देऊन फोटो काढणं बरं दिसत नाही.

निवृत्त शिक्षकांना वेगळी विनंती. बोलण्याचा सराव म्हणून आठवड्यातून दोनदा तासभर एखाद्या रुग्णाकडून मोठ्यानं पेपर वाचून घ्याल का? काय म्हणाले ते कळलं नाही तर मान डोलवू नका, "पुन्हा सांगा" म्हणा. त्यांना तेच बरं वाटतं, असं त्यांनीच पाटीवर लिहून दाखवलंय.

"तंबाखू खाल्ली, भोगा आता" असं ऐकवणारे भेटतात. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. आपल्या स्टँडमागच्या गटारातल्या पुड्या मोजून मग बोलू.

कार्यालय सोमवार सोडून रोज संध्याकाळी ६ ते ८ उघडं असतं. मिक्सरबरोबर भांडं आणि झाकणही आणा, झाकण हमखास राहतं.

– रुग्णसाहित्य केंद्र समिती