खालून येणारा आवाज

प्रिय दिलीप,

तू पाठवलेला तुझ्या मोटरसायकलच्या इंजिनाचा आवाज काल रात्री चार वेळा ऐकला आणि मग झोप लागेना, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे. आधी एकच विनंती: हे पत्र वाचून होईपर्यंत गाडी सुरू करू नकोस. दुकानापर्यंतसुद्धा चालवत नेऊ नकोस, टेम्पोत घाल.

तुझ्या मेकॅनिकने टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करून दिले आणि तरी आवाज राहिला, याचं मला नवल वाटलं नाही. टॅपेटची टिकटिक बारीक असते आणि वरून, हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यातून येते. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तिची लयही सावकाश असते. तुझा आवाज जड आहे, बोथट आहे, बंद दारावर आतून कुणी मूठ आपटावी तसा, आणि क्रँकच्या प्रत्येक फेरीला येतो. पिस्टन सैल झाला असता तर गाडी थंड असताना वाजली असती आणि तापल्यावर शांत झाली असती. तुझं उलटं आहे. सकाळी गाडी गोड चालते, वीस मिनिटांनी ठोकायला लागते, चढावर लोड आला की आणखी जोरात. क्रँकला आधार देणारं मेन बेअरिंग गेलं की ठोका कमी आणि घरघर जास्त, फूटरेस्टमधून पायाला जाणवणारी. तुझं मला बिग एंड वाटतं आहे, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जिथे जोडलेला असतो तिथलं बेअरिंग.

पण हे पत्र मी बिग एंडसाठी लिहीत नाही. बिग एंड बदलून देणारे खूप आहेत. ते का गेलं, हे विचारणारे कमी.

माझ्या गाडीचं तुला अर्धंच सांगितलं होतं. क्रँक प्रेसवर उघडून नवी पिन, नवे रोलर, नवा रॉड घातला. काम सुबक झालं होतं. नऊशे किलोमीटरवर पुन्हा तोच ठोका. तेव्हा तेलाचा पंप उघडला आणि पाहिलं, तर झाकणाच्या आतल्या बाजूला रोटरने, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाने, नखाला लागेल एवढी खोल चाकोरी पाडली होती. तेल थंड आणि जाड असेपर्यंत पंप ते ढकलत होता. तापून पातळ झालं की तेच त्या फटीतून मागे पळत होतं. वर तेलाच्या दाबाचा दिवा नाही, गेज नाही, कळणार कसं? मी नवं बेअरिंग त्याच उपाशी इंजिनात बसवलं होतं. ते अजून मनाला लागतं.

म्हणून तुझं इंजिन खोलताना घाई करू देऊ नकोस. तेल स्वच्छ भांड्यात काढ आणि गाळून बघ. जाळीत, फिल्टरमध्ये जे सापडेल ते पांढऱ्या कागदावर पसर आणि खालून लोहचुंबक फिरव. जे ओढलं जाईल ते पोलाद: रोलर, पिन, गिअर. चमकतं पण हलत नाही ते बहुधा ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन किंवा पंपाचं घर. तांबूस-पिवळं असेल तर कुठला तरी बुश किंवा बेअरिंगचा पिंजरा. आणि जाळीवर रबरासारखे मऊ तुकडे दिसले तर समज, मागच्या वेळी कुणीतरी पॅकिंगला सिलिकॉन भरपूर फासलं होतं. जाळी तुंबली की चांगला पंपही काही करू शकत नाही.

हेड उतरवण्याआधी प्लग काढ, हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा वरचा बोल्ट थोडा सैल कर आणि किक मारत राहा. तेल झिरपलंच नाही तर वाट बंद आहे किंवा पंप फिरतच नाही. पंपाच्या गिअरचे दात तुटलेलेही मी पाहिले आहेत. तेल आलं म्हणून मात्र पंपाला पास करू नकोस, थंड तेलाचं सांगितलंच.

ब्लॉक, म्हणजे सिलेंडर, निघाला की क्रँक ज्यात बसतो त्या क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंब. क्रँक वरच्या टोकाला आण, रॉड दोन्ही हातांनी धर आणि सरळ वर-खाली ओढून बघ. या दिशेने खेळ जाणवताच कामा नये. रॉड बाजूला थोडा डुलतो, तो डुलू दे. तेवढ्यावरून चांगला क्रँक भंगारात काढणारे लोक आहेत.

आता पंप. आतला रोटर चार पाकळ्यांचा, बाहेरचा पाच खाचांचा असेल. पाकळीच्या टोकाशी फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पत्री, घालून फट मोज. माझ्या मॅन्युअलमध्ये मर्यादा 0.20 मिमी आहे, तुझ्या मॅन्युअलचा आकडा पाळ. मग रोटरांवर सरळ पट्टी आडवी ठेवून बाजूची फट मोज. माझं पितळ तिथेच उघडं पडलं होतं. जादा दाब सोडणारा प्रेशर व्हॉल्व्ह असेल तर त्याची गोळी किंवा पिस्टन मोकळा सरकतो का तेही बघ. कचऱ्याने तो उघडा अडकला तर तेल परत खालीच जातं.

सगळ्यात बोलकी असते ती क्रँकपिन, बिग एंड जिच्यावर फिरतं ती पिन. पोलाद साधारण 300 अंशांला निळं पडतं. पिनेवर निळा-जांभळा डाग असेल तर ती कोरडी चालली आहे, दोष तेलाच्या वाटेवर शोध. रंग शाबूत आणि अंगावर खड्डे, खपल्या असतील तर बेअरिंग थकून किंवा घाणीने गेलं, आणि मग त्याचाच चुरा पंपाने चावला असेल. अशा वेळी रोटरवर ओरखडे दिसतील. दोन्हींत पंप बदलावा लागू शकतो, पण पहिल्या प्रकारात तो बदलला नाहीस तर सगळा खर्च पाण्यात.

आणि काही झालं तरी क्रँकच्या आतली तेलाची वाट, नळ्या, फिल्टरचं घर, ऑइल कूलर असेल तर तोही, सगळं धुऊन हवेने फुंकून घे. तिथे राहिलेला एक कणही नव्या पिनेला पुरेसा आहे. जोडताना पंप तेलाने भरून बसव, आणि प्लग काढून हेडपर्यंत तेल येईतो किक मार. त्याआधी इंजिन पेटवू नकोस.

पिनेचा फोटो उजेडात, पुसण्याआधी काढून पाठव. कागदावरचा चुरा टाकू नकोस, पुडी बांधून ठेव. शनिवारी येतो तेव्हा दोघं मिळून बघू. फीलर गेज आणि सरळ पट्टी मी आणतो.

तुझा,
अरुण