बाळाच्या वाहत्या नाकाविषयी सांगलीस पत्र

लीड्स, इंग्लंड
18 जानेवारी 2026

तीर्थरूप अण्णा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाळाचे नाक ऑक्टोबरपासून सारखे का वाहते आहे, हा आईचा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत आटोपण्यासारखा नाही, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे. आम्ही दोघांनी आणि इथल्या डॉक्टरांनी मिळून जो शोध घेतला, त्याचा निष्कर्ष आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना तुमच्या जिवाला घोर लागणार नाही. बाळाला कोणताही मोठा आजार नाही. तिला पाळणाघरातून एकामागून एक सर्दी होत आहे आणि आमच्या झोपण्याच्या खोलीतील ओलीने त्यात भर घातली होती. ती पोटभर जेवते, खेळते, आणि इथे प्रत्येक बाळाच्या नोंदींसाठी जे लाल पुस्तक मिळते, त्यातील तिची वजनाची रेषा व्यवस्थित वर चढते आहे.

आई, तुझे म्हणणे असे की तिला इथली थंडी बाधली. थंड हवेत गेल्यावर कोणाच्याही नाकाला पाणी सुटते, हे खरे आहे, पण घरात ऊब मिळाल्यावर ते थोड्याच वेळात थांबते. दिवसेंदिवस टिकणारी सर्दी विषाणूंमुळे होते, आणि हिवाळ्यात ती फैलावते याचे एक मोठे कारण म्हणजे सगळे जण खिडक्या लावून एकमेकांच्या जवळ बसलेले असतात. सर्दीच्या विषाणूंपैकी ऱ्हायनोव्हायरस या एकाच जातीचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. त्यामुळे एका प्रकाराविरुद्ध शरीर तयार झाले, तरी दुसऱ्याला वाट मोकळीच राहते. लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणे सर्वसामान्य मानले जाते, पाळणाघरात जाणाऱ्या मुलांना त्याहूनही अधिक वेळा होते, आणि एकेक सर्दी पूर्ण ओसरायला दहा ते चौदा दिवस लागू शकतात. यांतील बहुतेक सर्द्या हिवाळ्याच्या चार-पाच महिन्यांत येतात, असा हिशेब मांडला तर मधले कोरडे दिवस फारच थोडे उरतात. बाहेरून पाहणाऱ्याला ते एकच न संपणारे दुखणे वाटते, प्रत्यक्षात मात्र ती निरनिराळी, थोड्या दिवसांची दुखणी असतात.

हे तर्काने पटले तरी आपल्या बाळाच्या बाबतीत तसेच आहे का, हे तपासणे भाग होते. अण्णा, तुम्ही हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत मार्केट यार्डातून घरी यायचात, तेव्हाची गोष्ट मला या वेळी फार उपयोगी पडली. पेठेत शिरले की हळदीच्या धुळीने शिंका आणि नाकाला पाणी सुरू व्हायचे, आणि बाहेर पडून तोंड धुतले की ते थांबायचे. घरात दुसऱ्या कोणाला त्याची लागण कधी झाली नाही, ना तुम्हाला कधी ताप आला. धूळ, धूर किंवा ॲलर्जी यांनी वाहणारे नाक असे जागेशी बांधलेले असते. सर्दी मात्र माणसाबरोबर चालते, चढते, उतरते आणि घरातल्या इतरांनाही गाठते. म्हणून आम्ही एका वहीत रोज लिहू लागलो की नाक कोणत्या वेळी वाहिले, ताप होता का, दूध किती घेतले, पाळणाघरात कोण आजारी होते आणि आम्हा दोघांपैकी कोणाचा घसा धरला होता.

त्या वहीतून दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. पहिली अशी की नाक जोरात वाहू लागल्यावर थोड्याच दिवसांत आमच्यापैकी एकाला हमखास पडसे होत असे, आणि बाळाला सुरुवातीला अंगात कसर येई. ही लक्षणे सरळ संसर्गाची आहेत. नाताळात पाळणाघर बंद झाले, तेव्हा चालू सर्दी ओसरल्यावर तिचे नाक दिवसभर कोरडे राहिले. जन्मजात दोष किंवा कायमची ॲलर्जी असती, तर त्याच घरात, त्याच अंथरुणात असे घडले नसते.

दुसरी गोष्ट मात्र या उत्तरात बसत नव्हती. त्या कोरड्या दिवसांतही सकाळी उठल्यावर तिचे नाक चोंदलेले असे, चार-सहा शिंका येत आणि तासाभरात सर्व मोकळे होई. तेव्हा आम्ही पाळणा बाजूला सरकवून पाहिले, तर मागच्या बाहेरील भिंतीवर खाली काळे ठिपके पडलेले होते. इथे हिवाळ्यात कपडे बाहेर वाळत नाहीत, म्हणून लोक ते खोलीतच रेडिएटरजवळ वाळत घालतात, आणि ती वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन बसते. 2019 च्या महापुरानंतर गावभागातल्या घरांच्या भिंतींना जी ओल राहिली होती आणि जो कुबट वास येत असे, तसलाच हा प्रकार लहान प्रमाणात होता. ओलीत बुरशी वाढते, आणि गादी-उशांत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडेही दमट हवेत अधिक पोसतात. आम्ही बुरशी पुसून काढली, पाळणा आतल्या भिंतीकडे घेतला, खोलीत कपडे वाळत घालणे बंद केले, रोज थोडा वेळ खिडकी उघडू लागलो आणि चादरी 60 अंशांच्या पाण्यात धुऊ लागलो. सकाळच्या शिंका आता बऱ्याच कमी झाल्या आहेत. बुरशी आणि किडे यांपैकी नेमका दोष कोणाचा, हे शोधण्यासाठी इतक्या लहान जिवाला सुया टोचण्याची आता गरज नाही, असे डॉक्टरांचे आणि माझेही मत आहे.

डॉक्टरांनी इतर शक्यताही तपासल्या. परागकणांची ॲलर्जी दोन वर्षांच्या आत सहसा दिसत नाही, आणि जानेवारीत इथे परागकणही फारच थोडे असतात. दुधाची ॲलर्जी असती, तर केवळ नाकावर न थांबता अंगावर पुरळ, उलट्या किंवा शौचात रक्त असे काही दिसले असते. नाकात मणी किंवा डाळीचा दाणा अडकला, तर बहुधा एकाच बाजूने घाण वासाचा स्राव येतो. ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, वाढली असती, तर ती तोंड उघडे ठेवून घोरत झोपली असती. जन्मल्यापासून अखंड वाहणारे नाक आणि जोडीला कायमचा ओला खोकला असेल, तर दुर्मीळ आजारांचा विचार करतात. आपल्या बाळाचे नाक पाळणाघरात जाईपर्यंत स्वच्छ होते, हे तुम्ही स्वतः पाहिलेले आहे.

शेंबूड हिरवा झाला म्हणून आई फार घाबरली होती. विषाणूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमधील एका द्रव्यामुळे तो रंग येतो. साध्या सर्दीतही तो पांढरा, पिवळा, हिरवा असा बदलतो, आणि केवळ रंगावरून अँटिबायोटिक देत नाहीत. दहा दिवसांनंतरही काहीच उतार नसेल, किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप चढला, तर मात्र सायनस किंवा कान तपासावे लागतात. फोनवर तुम्हाला ऐकू आलेली घरघरही छातीतली नव्हती. बाळाला नाक शिंकरता येत नाही, त्यामुळे कफ घशाच्या मागे उतरतो आणि श्वासाबरोबर वाजतो. डॉक्टरांनी छाती ऐकली, ती स्वच्छ आहे.

उपाय फार थोडे आहेत. दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी नाकात तयार सलाईनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे, थेंब घालायचे, फार चोंदले तरच हलक्या हाताने ओढून काढायचे आणि थोडे थोडे दूध वारंवार द्यायचे. सर्दी-खोकल्याचे सिरप आम्ही देत नाही. आपल्याकडेही 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला विषारी सिरपने लहान मुले दगावल्यानंतर, ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत असे कळवले आहे.

आई, तुझ्या मायेविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, म्हणूनच स्पष्ट लिहिते. कापूर घातलेले खोबरेल तेल पाठवू नकोस. कापूर लहान मुलांच्या अंगात भिनला तर झटके येऊ शकतात. नाकात तेल घालायचे नाही, कारण ते फुप्फुसात उतरून तिथे सूज आणते. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, त्यातील जंतूंमुळे तान्ह्या मुलांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. ओवा आणि बाळंतशेपा टाकून दिलेली धुरी हा शेवटी धूरच, आणि सुजलेल्या नाकाला तो आणखी चिडवतो. तेल लावून मालीश करणे, टाळू भरणे हे सारे तू खुशाल कर, त्यात तिला सुखच आहे.

धोक्याची लक्षणे आम्हाला ठाऊक आहेत. शांत असताना मिनिटाला पन्नास किंवा अधिक श्वास, बरगड्यांखाली खळगा पडणे, ओठ निळसर दिसणे, नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध घेणे, लघवी कमी होणे किंवा बाळ मलूल पडणे, यांपैकी काहीही दिसले तर आम्ही क्षणभरही थांबणार नाही.

मार्चमध्ये आम्ही सांगलीला येतो आहोत. तेव्हा उसाचे फड पेटवणे, पाचट जाळणे चालू असले, तर त्या बाजूच्या खिडक्या संध्याकाळी लावून घ्याव्या लागतील. तिच्यासाठी मागची खोली काढून ठेवावी. जुनी कापसाची गादी तिथून हलवावी, आणि अण्णांनी यार्डातून आल्यावर कपडे बदलून, हातपाय धुऊन मगच तिला उचलून घ्यावे. घरात कोणाला सर्दी असेल तर तेवढे दिवस तिचा मुका घेऊ नये, हेही आत्याला आणि काकूला आतापासून सांगून ठेवावे. मागच्या खोलीच्या भिंतीला पावसाळ्यानंतर ओल राहिली आहे का, हे पाहून मला लवकर कळवा, म्हणजे रंगाऱ्याला बोलवायचे की नाही ते ठरवता येईल.

तुमची लेक