दोन तपासण्यांच्या मधल्या प्रश्नांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या मुलीला अपस्मार आहे आणि गेली चार वर्षे ती मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या उपचारांखाली आहे. त्यांच्या ज्ञानाविषयी वा तळमळीविषयी माझी काहीही तक्रार नाही; तक्रार आहे ती दोन तपासण्यांच्या मधल्या काळाविषयी, कारण त्या तीन महिन्यांत औषध देणे, झटक्यांची नोंद ठेवणे आणि ताप-उलटी झाल्यास काय करायचे ते ठरवणे हे सारे आईवडिलांवरच येते.

गेल्या वर्षी नेहमीच्या नावाचे सिरप आणले, तर नव्या बाटलीत दर मिलिलिटरमागे औषधाचे प्रमाण दुप्पट होते. चिठ्ठीवर मात्र केवळ ‘५ मिलिलिटर, दोन वेळा’ एवढेच लिहिलेले होते, मिलिग्रॅमचा उल्लेख नव्हता. रात्रीचा डोस दोन तासांवर आलेला असताना रुग्णालयाला फोन केला, तेव्हा डॉक्टर फोनवर बोलत नाहीत, पुढच्या तारखेला या, असे उत्तर मिळाले. ती तारीख पाच आठवड्यांनंतरची होती. अखेर औषधविक्रेत्याने जुनी बाटली मागवून घेऊन हिशेब मांडला आणि अडीच मिलिलिटरच द्यायचे हे स्पष्ट केले. जुनी बाटली मी टाकून दिली असती तर काय झाले असते, हा विचार अजूनही माझ्या मनातून जात नाही.

डॉक्टरांचा खासगी क्रमांक मिळावा, असे माझे म्हणणे नाही. दुसऱ्या मुलाला तपासत असताना आलेला संदेश त्यांच्या नजरेतून सुटू शकतो, त्यांनी घाईत दिलेले उत्तर केसपेपरवर चढत नाही आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांना त्याचा पत्ता नसतो. त्याऐवजी पहिल्याच भेटीत केसपेपरवर लिहून मिळावे की साध्या प्रश्नासाठी विभागाचा कोणता क्रमांक आहे, तेथे परिचारिका बोलतील की निवासी डॉक्टर, उत्तर किती दिवसांत मिळेल आणि सुटीच्या दिवशी कोणाला विचारायचे. त्याच कागदावर, फोनची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात कधी न्यायचे तेही असावे: झटका पाच मिनिटांत थांबला नाही किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरा आला, तर क्रमांक शोधत बसण्याची ती वेळ नव्हे. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाचा ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, तरी तेच.

आपल्या मुलाच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना या व्यवस्थेत आपण फार कमी लेखतो. तज्ज्ञांचे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचले असेल, तर तापाचे कोणते औषध चालेल, लस आता द्यावी की थांबावे, असे कितीतरी प्रश्न तेच सोडवू शकतात. ते पत्र मागून घेणे आणि पोहोचवणे हे काम पालकांनीच करावे.

विचारण्याची रीतही आपण शिकली पाहिजे. मुलांचे बहुतेक डोस वजनावर ठरतात, म्हणून प्रश्नासोबत मुलाचे आजचे वजन, औषधाचे नाव, बाटलीवरचे प्रमाण आणि शेवटचा डोस कधी दिला ते लिहावे. झटक्याचे वर्णन करण्यापेक्षा, मुलाला सुरक्षित कुशीवर वळवल्यावर दुसऱ्या कोणी केलेले मोबाइलचे चित्रण डॉक्टरांना अधिक सांगून जाते. आलेले उत्तर तारखेसह आणि उत्तर देणाऱ्याच्या नावासह वहीत उतरवून ठेवावे.

मी विभागप्रमुखांना हे सारे लेखी कळवल्यानंतर तेथे रोज दुपारी एक तास परिचारिका पालकांच्या फोनसाठी बसू लागल्या आहेत, आणि चिठ्ठीवर डोस मिलिग्रॅममध्येही लिहिला जातो. मागच्या महिन्यात मुलीचा सकाळचा डोस राहून गेला, तेव्हा तो आता द्यायचा की नाही, हे मला त्याच दुपारी कळले. ही सोय इतर रुग्णालयांनीही करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक पालक