लेक्चर जमतं म्हणजे सगळं जमतं असं नाही

महोदय,

मेडिकल कॉलेजात शिक्षक नीट शिकवत नाहीत ही तक्रार नेहमीचीच, त्यावर आतल्या माणसाचे दोन शब्द. मी बरीच वर्षं मेडिसिन शिकवतोय. लेक्चरची मला भीती नाही, ऐनवेळी स्लाइड्स उघडल्या नाहीत तरी खडू घेऊन तासभर हार्ट फेल्युअर शिकवीन, आणि वॉर्डात पेशंटच्या कॉटपाशी उभं राहून शिकवणं तर आवडीचंच. पण काम तिथे थोडंच संपतं! हार्डन आणि क्रॉस्बी या वैद्यकीय शिक्षणाच्या अभ्यासकांनी २००० साली वैद्यकीय शिक्षकाच्या १२ भूमिका मांडल्या, लेक्चर घेणारा हा त्यातला फक्त एक. बाकी मेंटॉर आहे, परीक्षक आहे, अभ्यासक्रम आखणारा आहे, स्टडी गाइड लिहिणारा आहे. एकाच माणसाने सगळं केलं पाहिजे असं त्यांचंही म्हणणं नव्हतं, पण आम्हाला मात्र वेळापत्रकात नाव आलं की सगळं आपोआप येतं असं धरून चालतात.

परीक्षक म्हणून मला स्वतःबद्दल जबरदस्त खात्री होती. व्हायवाला मुलगा समोर बसला की दोन मिनिटांत सांगायचो, पास का नापास. मग परीक्षकांच्या एका वर्कशॉपमधे ऑस्कीच्या, म्हणजे एकेका स्टेशनवर एकेक काम करून दाखवायच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या, एका स्टेशनचा व्हिडिओ दाखवला, एकच विद्यार्थी, हातात तीच चेकलिस्ट, आणि आम्ही सगळ्यांनी मार्क दिले वेगवेगळे, त्यात सगळ्यात सढळ हात माझा. इतकी वर्षं कुणी तपासलंच नव्हतं म्हणून मी बिनधास्त होतो, एवढंच.

गंमत पुढे आहे. वर्कशॉपच्या आधी आणि नंतर एक फॉर्म भरायचा होता, 'विद्यार्थ्याचं मूल्यमापन करताना तुम्हाला किती आत्मविश्वास वाटतो, १ ते ५'. आधी मी ५ लिहिले होते, नंतर प्रामाणिकपणे ३ लिहिले. आता फॉर्मच्या हिशोबाने ट्रेनिंग फुकट गेलं ना! खरं तर त्या दिवशी मी जितकं शिकलो तितकं कुठल्याच वर्कशॉपमधे शिकलो नव्हतो. नुसता आत्मविश्वासाचा आकडा विचारून कॉलेजांनी शिक्षक तयार झाले असं समजू नये, लेक्चर असो, फीडबॅक असो की मेंटॉरिंग, कुणीतरी मागे बसून बघायला हवं.

मेंटॉरिंगचं तर बोलायलाच नको. एकदा एक विद्यार्थिनी येऊन म्हणाली, सर, मला झोप लागत नाही, हे क्षेत्र माझं नाहीच असं वाटतं, आणि मी तिला कुठलं पुस्तक वाचायचं ते सांगितलं. ती 'थँक्यू सर' म्हणून गेली. मला काही सुचलंच नव्हतं, पण हे स्टाफरूममधे बोलणार कोण, पंधरा वर्षांच्या अनुभवानंतर 'मला हे जमत नाही' म्हणायची आमच्याकडे सोयच नाही.

गेल्या महिन्यात एका ज्युनिअर सहकाऱ्याला म्हटलं, माझ्या बेडसाइड क्लिनिकला मागे उभा राहा आणि जे दिसेल ते लिही. त्याने बिचाऱ्याने घाबरत घाबरत चिठ्ठी दिली, "सर, तुम्ही प्रश्न छान विचारता, पण मुलांनी उत्तर द्यायच्या आत तुम्हीच देऊन टाकता." पुढच्या आठवड्यात त्याच्या क्लिनिकला मी मागे उभा राहणार आहे.

आपला,
मेडिसिनचा एक शिक्षक